परसबाग व शेजारधर्म

कोल्हापुरात मंगळवार पेठेला लागून खासबाग या नावाची जागा आहे. खासबाग म्हणजे राजाची खासगी बाग. आज तेथे बागेचे केवळ नाव उरले आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, तेथे कुस्त्यांचे मोठे मैदान झाले आणि एकाच्या नावाची जागा हजारोंची झाली. हे नाव उच्चारताना एक प्रश्न मनात येतो, आणि तो राजापेक्षा आपल्यासारख्या सामान्य माणसांनाच अधिक विचारण्यासारखा आहे. तो असा की, बाग खरोखर 'खास' असू शकते काय? चार भिंतींच्या किंवा कुंपणाच्या आत आपण जे पेरतो, ओततो, फवारतो व जाळतो, त्याचे बरेवाईट आतल्या आतच राहते काय?

मंगळवार पेठेत घराला घर लागलेले. तेथे बाग म्हणजे गच्चीवरील दहापंधरा कुंड्या, एखादी तुळस, फार तर मागील अंगणातील कढीलिंब आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची स्थिती याहून बरी. घरामागे परडे असते, प्रार्थनामंदिराच्या आवारात थोडी जागा असते, शेवगा, केळ व दोडक्याचा वेल असतो. तथापि दोहोंकडे एक वाक्य सारखेच ऐकू येते: "जागा माझी, माझ्या जागेत मी काय वाटेल ते करीन." कायद्याच्या दृष्टीने यात फारशी चूक नाही. नीतीच्या दृष्टीने ते कितपत टिकते हे पाहण्याचा आज विचार आहे.

धर्मकार्याला वाहिलेल्या पत्रात कुंड्या व खते यांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या विल्यम केरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, त्यानेच १८२० साली शेतकी व बागाईत यांच्या सुधारणेसाठी कलकत्त्यास एक सभा स्थापन केली. श्रीरामपूर येथील त्याची बाग त्याला भाषांतराइतकीच प्रिय होती. असो.

पहिली गोष्ट ही की, बागेतील वनस्पती कुंपण जुमानीत नाहीत. उन्हाळ्यात पंचगंगेच्या पात्रावर, विशेषतः इचलकरंजीपासून शिरोळच्या बाजूस, हिरवा गालिचा पसरलेला दिसतो. परका मनुष्य ते कुरण समजेल. ती जलपर्णी होय. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिचे जांभळट फूल सुंदर असते, आणि त्या फुलाच्या लोभानेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून ती आपल्या देशात, प्रथम बंगालकडे, आणली गेली. कोणाच्या तरी हौदात ती मोठ्या कौतुकाने ठेवली असेल. आज ती नद्यांचा व तलावांचा श्वास कोंडते. घाणेरीची कथाही अशीच. जिला कोणी टणटणी म्हणतात ते रंगीबेरंगी फुलांचे झुडूप शोभेसाठी व कुंपणासाठी परदेशातून आणले गेले, आणि आता ते माळरानांवर व जंगलांच्या कडांनी असे माजले आहे की त्याखाली गवत उगवत नाही आणि गुरांनी त्याचा पाला खाल्ला तर त्यांना बाधते. ज्यांनी ही रोपे लावली ते दुष्ट नव्हते. त्यांना फुले आवडत होती, इतकेच. परंतु त्यांच्या आवडीचे मोल जे आज देत आहेत त्यांनी ती फुले मागितली नव्हती.

दुसरी गोष्ट पाण्याची. कुंडीला तळाशी भोक असते हे आपण जाणतो, पण त्या भोकातून काय जाते याचा विचार करीत नाही. एका कुंडीत मूठभर युरिया घातला, तर रोप त्यातील थोडा अंश घेते. उरलेला काही हवेत उडतो, आणि बराचसा पुढील पाण्याबरोबर विरघळून खाली जातो. गच्चीवरून पन्हळीत, पन्हळीतून गटारात, गटारातून शहराच्या पोटातून वाहणाऱ्या जयंती नाल्यात, आणि पावसाळ्यात नाला फुगला म्हणजे थेट पंचगंगेत. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन आलेली पंचगंगा तो भार पोटात घालून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. आता गंमत अशी की, जे नत्र व स्फुरद आपल्या गुलाबास मिळावे म्हणून आपण दाम मोजून आणले, तेच खाली जाऊन जलपर्णीस पोसते. ती माजते, कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगतात. गुलाब कोल्हापुरात फुलतो आणि दुर्गंधी शिरोळ तालुक्यात जाते.

यावर समंजस वाचक लगेच हरकत घेईल, आणि ती हरकत हलकी नाही. तो म्हणेल, "पाळकसाहेब, नदी बिघडली ती शहराच्या मैल्याने व कारखान्यांच्या सांडपाण्याने. माझ्या चार कुंड्यांतील चिमूटभर खताने काय होणार? आणि मी ते थांबविल्याने नदी काय निर्मळ होणार?" मला वाटते, याला खरे उत्तर द्यायचे तर प्रथम हे कबूल केले पाहिजे की, नाही, त्याने नदी निर्मळ होणार नाही. किंबहुना मला भीती याच्या उलट गोष्टीची वाटते. गच्चीवर चार रोपे बिनखताची वाढवून मनुष्य आपल्या मनाचे समाधान करून घेतो, आणि नगरपालिकेकडे वा ग्रामपंचायतीकडे सांडपाण्याविषयी एक अर्जही करीत नाही. असली बाग ही सदसद्विवेकाला दिलेली अफू होय.

परंतु हरकतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे नीट पाहावे. नाला म्हणून जे काही आहे ते काय आहे? कोठून तरी आकाशातून पडलेला तो राक्षस नव्हे. घराघरांच्या मोऱ्या मिळून तो झाला आहे. प्रत्येक मोरी आपल्यापुरती म्हणते की मी लहान आहे, आणि प्रत्येकीचे म्हणणे खरे असते, तरी नाला वाहतोच. लहानपणा हा अपराधाचा तोल ठरवील, पण वाटा पुसून टाकणार नाही. २००५, २०१९ व २०२१ या सालांच्या महापुरांत शहरातील व शिरोळकडील लोकांनी एकच पाणी आपापल्या उंबऱ्यात पाहिले. त्या पाण्याने कोणाचे किती असा हिशेब विचारला नव्हता.

शिवाय सर्वच उपद्रव नदीत जाऊन विरळ होत नाहीत. काही उपद्रव शेजारीच राहतात, आणि तेथे 'माझे एकट्याचे काय' ही सबब उभीच राहू शकत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी घ्या. डेंग्यू व चिकुनगुन्या हे ताप पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, थोड्या व साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठदहा दिवस पुरतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून पाण्यावाचूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी केवळ ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी लागते. आता हा डास फार दूर उडत नाही, सामान्यतः काहीशे मीटरांच्या आतच फिरतो. म्हणजे तुमच्या ताटलीतील डास कोल्हापूर शहरास चावत नाही. तो तुम्हाला, तुमच्या लेकरांना आणि भिंतीपलीकडील म्हाताऱ्या बाईला चावतो. येथे नदी नाही, कारखाना नाही, सरकार नाही. एक ताटली आहे आणि एक शेजारी आहे.

पालापाचोळा जाळण्याचेही तसेच. सकाळी अंगण झाडून कोपऱ्यात ढीग पेटविला म्हणजे स्वच्छता झाली असे पुष्कळांस वाटते. जळताना पाल्यातील नत्र व सेंद्रिय अंश धुराबरोबर हवेत जातो, मागे थोडी राख राहते, आणि दम्याचा शेजारी खिडक्या लावून बसतो. ज्या गोष्टीची माती व्हावयाची तिचा खोकला होतो. तोच पाला थोड्या शेणाबरोबर किंवा स्वयंपाकघरातील भाजीच्या देठांबरोबर एखाद्या डब्यात, भोके पाडलेल्या पिंपात किंवा खड्ड्यात घातला, तीन भाग कोरडा व एक भाग ओला असा अंदाज ठेवला, आणि आठवड्यातून एकदा खालीवर केला, तर दोनतीन महिन्यांत काळे, मोकळे व मातीचा वास असलेले खत होते. घाण सुटली तर समजावे की ओले अधिक झाले आहे किंवा हवा कमी पडते. कोरडा पाला टाकावा, हलवावे. पेठेतल्या गच्चीवरही हे होते. मात्र ते शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवू नये, एवढी माया असू द्यावी.

औषधांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण येथे केवळ त्रासाची नव्हे तर जिवाची गोष्ट आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्यांतील कित्येकांनी फवारले ते दुसऱ्याच्या रानात, मजुरीने. ज्याचे पीक त्याने घरी राहावे आणि ज्याला गरज त्याने पंप पाठीवर घ्यावा, ही रीत आपल्या खेड्यांत नवी नाही. परसबागेच्या चार वांग्यांसाठी कोणी मजूर लावीत नाही हे खरे. परंतु शेतातून उरलेली तीच बाटली घरी येते, तीच भेंडीवर मारली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती भेंडी कढईत पडते. फवारल्यानंतर किती दिवस थांबावे हे बाटलीवर छापलेले असते. बाटलीवर एक रंगीत चौकोनही असतो, आणि त्यातील खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल तो अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, इतरांहून सौम्य एवढेच. उपदेशक बंधूंनो, खेड्यात ज्याला अक्षर येते त्याच्याकडे लोक पत्रे वाचून घेण्यास येत असत. आता त्याने ही बाटली वाचून दाखवावी.

शेतकऱ्यास मी येथे दोष देत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, ज्याला बाजारभाव दुसरा कोणी ठरवून देतो, त्याने खताचे पोते घेतले म्हणून त्यास नीतिपाठ देणे हे पोट भरलेल्याचे काम. रासायनिक खतांवाचून आज जगातील इतकी तोंडे भरली नसती हेही सत्य आहे. पण याच कारणास्तव परसबागेचा प्रश्न निराळा व अधिक स्वच्छ आहे. परड्यात सावकार उभा नसतो, बाजार उभा नसतो. दोन दोडके किडले तर कोणी उपाशी राहत नाही. जेथे गरजेची सक्ती नाही तेथे जे काही आपण करतो ते आपले स्वतःचे असते. मनुष्य मातीशी कसा वागतो हे पाहावयाचे असेल तर त्याचे शेत पाहू नये, परडे पाहावे.

येथे पवित्र शास्त्रातील दोन शब्दांची आठवण होते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यास बागेत ठेवले ते दोन कामांसाठी. मूळ इब्री भाषेत पहिल्या कामाचे क्रियापद मशागतीचे आहे आणि तेच सेवा करण्याचेही आहे. दुसरे क्रियापद राखणीचे. पुढे दोनच अध्यायांनंतर हा राखणीचा शब्द पुन्हा येतो, आणि तो येतो काइनाच्या तोंडी, भाऊ कोठे आहे असे विचारल्यावर. काइन हा धंद्याने जमीन कसणारा होता. बाग राखणे आणि भाऊ राखणे या दोहोंना एकच शब्द असावा, आणि तो नाकारणारा पहिला मनुष्य शेतकरीच असावा, हे मला कधी केवळ योगायोगाचे वाटले नाही. त्या कथेत जमीनही साक्षीदार होते, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

राखण म्हटली की मग किडीचे काय, असा पुढचा प्रश्न येतो. किडीस मारणे पाप आहे काय? मी असे मानीत नाही. जो म्हणतो की मी मुंगीलाही दुखवीत नाही आणि बाजारची भाजी खातो, त्याच्यासाठी मारण्याचे काम दुसऱ्याने केलेले असते. राखणदाराला कधी काठी उचलावी लागते. परंतु राखणदाराने चोर कोण व घरचा कोण हे ओळखले पाहिजे, आणि येथेच आपण फार आंधळे आहोत. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी लहान अळी असते. मोठी झाली म्हणजे ती हिरवी होते. ती चारदोन पाने खाते हे खरे. तिचेच पुढे काळ्यापिवळ्या नक्षीचे मोठे फुलपाखरू होते, जे पाहून आपण लेकरांना हाक मारतो. फुलपाखरू हवे आणि अळी नको, असा सौदा सृष्टीत मिळत नाही. तसेच वालावर मावा पडला म्हणजे तेथे एक काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी अळी फिरताना आढळते. तिचे रूप इतके ओबडधोबड की पुष्कळ लोक पहिल्याने तिलाच चिरडतात. वस्तुतः ती ढालकिड्याचे पिल्लू असते आणि रोज पुष्कळ मावा खाऊन टाकते. म्हणजे आपण शिपायाला मारले आणि चोरास पंक्तीला बसविले.

मावा थोडा असेल तर पाण्याच्या धारेने धुवावा किंवा सौम्य साबणाचे पाणी मारावे. अधिक असेल तर निंबोळीचा अर्क संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, फवारावा. त्याने किडीचे खाणे व कात टाकणे बिघडते. तंबाखूच्या काढ्याविषयी मात्र सावध करावेसे वाटते, कारण निपाणीकडील तंबाखूच्या मुलखाला आपण जवळ आहोत व हा उपाय घरोघरी सांगितला जातो. तंबाखूतील निकोटीन हे विषच आहे. ते कातडीतून अंगात भिनते, आणि ढालकिडा व मधमाशी यांनाही सोडीत नाही. घरी उकळले म्हणून ते सात्त्विक होत नाही. 'नैसर्गिक' हा शब्द अलीकडे पुष्कळांच्या तोंडी आहे, पण सापही नैसर्गिकच आहे.

आता या सर्व चर्चेत कुंपणापलीकडे जाणाऱ्या वाईट गोष्टीच सांगितल्या. पलीकडे चांगलेही जाते, आणि त्याला आपल्या भाषेत एक गोड शब्द आहे, तो वानवळा. परड्यात पहिली काकडी लागली, शेतात हुरडा आला, की त्यातील थोडे शेजारघरी व आप्तांकडे पाठवायचे, ही चाल कोणत्या धर्माने शिकविली हे सांगता येणार नाही, पण ती सर्व धर्मांच्या घरांत आहे. ज्या भिंतीवरून काकडीचा वानवळा जातो त्याच भिंतीवरून फवाऱ्याचे तुषार जातात. दोन्ही एकाच हाताने पाठविलेले. शेजाऱ्याने कोणता वानवळा स्वीकारायचा हे त्याला विचारलेले असते काय?

ज्ञानाचाही वानवळा असतो हे कोल्हापूरच्याच एका गृहस्थाने दाखविले. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने सामान्य शेतकऱ्यांचे व बागकाम करणाऱ्यांचे जाळे विणले. त्यांचे म्हणणे असे की, प्रयोग करणे हे प्रयोगशाळेतील विद्वानांचेच काम नव्हे. ज्याच्या हाताला माती लागते त्याने स्वतः मोजावे, लिहून ठेवावे, फसले तर फसले म्हणून इतरांस सांगावे. द्राक्षबागाईतदारांत ही रीत विशेष फळली. त्यांना १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला आणि २००१ साली ते वारले. एका कुटुंबाची गरज दहा गुंठ्यांत भागू शकते असे ते मांडीत. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, असे ते सांगत; एक चौरस फूट हिरवे पान दिवसभराच्या उन्हात सुमारे तीन ग्रॅम कोरडा पदार्थ तयार करते, असा त्यांचा हिशेब असे. ऊन पेठेच्या गच्चीवरही फुकट पडते. ऊसपट्ट्यात चिपाडाचा व पाचटाचा तोटा नाही. शहरवासीय कुंडीसाठी डोंगराची लाल माती विकत घेतो आणि खेड्यातील मनुष्य पाचट जाळतो, हे दाभोळकरांच्या जिल्ह्यात घडावे याचे वाईट वाटते.

त्यांच्या सर्वच गणितावर माझा विश्वास बसतो असे नाही. दहा गुंठे चांगले पिकविण्यास जे लक्ष व जो वेळ लागतो तो रोजगारावर जाणाऱ्या बाईपाशी कोठून यावा, हा प्रश्न राहतोच. परंतु आपल्या मंडळ्यांत एक गोष्ट सहज करता येईल. पावसाळ्यापूर्वी एके दिवशी ज्याने त्याने आपल्या परड्यातील बी आणावे आणि कोणते कसे आले ते सांगावे. घेवडा, वाल, चवळी यांच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, बी राखेत घोळून मडक्यात ठेवावे; ही पिके बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून बी जसेच्या तसे उतरते. दुकानातून आणलेल्या संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, पुढील पिढीत त्याचे गुण फाटतात. आणि दोडका, भोपळा व काकडी यांचे बी देताना वाणाविषयी फार खात्री देऊ नये. त्यांच्या नर व मादी फुलांमधील ने-आण मधमाशी करते, आणि ती कोणाच्या परड्यातून आली हे ती सांगत नाही. आपल्या भोपळ्याच्या बियांत शेजाऱ्याच्या वेलाचा अंश असतो.